वास्तव्याचा दाखला आणि पाळण्यातले मूल

मूल वाढवण्याचा खर्च एकट्या कुटुंबाने सोसायचा की समाजाने त्यातला काही वाटा उचलायचा, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात बहुतेक आधुनिक राज्यांनी समाजाच्या वाट्याच्या बाजूने दिले, आणि त्यातून मातृत्व-अनुदान, बालभत्ता, पोषण आहार, पाळणाघर अशा ज्या तरतुदी उभ्या राहिल्या त्यांना एकत्रितपणे कुटुंब-लाभ म्हणता येईल. तत्त्व मान्य झाल्यावर वाद उरतो तो पात्रतेचा, आणि पात्रता ठरवताना राज्य कुटुंबाला तीन प्रश्न विचारते : मिळकत किती, काम कोणते आणि कोणाकडे, आणि वास्तव्य केव्हापासूनचे. पहिल्या प्रश्नावर विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा होते, दुसऱ्यावर कामगार संघटना भांडतात. तिसरा मात्र शासन निर्णयाच्या कागदपत्रांच्या यादीत एका ओळीत उरकला जातो. त्या एका ओळीत किती जणींचे अर्ज अडतात याचा हिशेब कोणी मागत नाही, कारण ज्यांचे अर्ज अडतात त्या बहुधा तिथल्या मतदार नसतात. देशाच्या आत दीर्घ वास्तव्याची अट घालून कुटुंब-लाभ नाकारणे न्यायाला धरून नाही, आणि ही अट कामाच्या व मिळकतीच्या अटींशी अशी गुंतलेली आहे की तिन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा, परप्रांतीयांच्या लोंढ्यांचा, असे समजण्याची महाराष्ट्रात सवय आहे. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावी नेऊन पाहिला की त्याचे खरे रूप दिसते. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचा हा कापूस-सोयाबीनचा मुलूख वर्षभर माणसे बाहेर पाठवतो आणि बाहेरची आत घेतोही. सोयाबीनच्या सोंगणीला आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होणाऱ्या कापूस वेचणीला विदर्भात मेळघाटातून व मध्य प्रदेशातून मजुरांची कुटुंबे लेकराबाळांसह येतात, तर याच जिल्ह्याच्या पुसद-उमरखेड पट्ट्यातील तांड्यांतून जोडपी ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर आणि शहरांतल्या बांधकामांवर जातात. जिल्ह्याची दक्षिण सीमा तेलंगणाला लागलेली असल्यामुळे पांढरकवडा, झरी जामणी या भागांत सोयरिकी राज्याची हद्द पाहून होत नाहीत. आणि याच जिल्ह्यातली अभियांत्रिकी शिकलेली मुले पुण्या-बंगळुरूमार्गे टोरांटो, म्युनिक, मेलबर्नला पोचतात. म्हणजे एकाच तालुक्यातली कुटुंबे कुठे यजमान आहेत, तर कुठे नवागत. पात्रतेच्या अटींकडे दोन्ही बाजूंनी पाहण्याची अशी सोय क्वचित मिळते.

महाराष्ट्रात या घटकेला सर्वांत मोठा रोख लाभ म्हणजे मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना होय. २८ जून २०२४च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या या योजनेत २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र महिलेच्या आधार-संलग्न बँक खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख ५० हजारांच्या आत असावे, कुटुंबात कोणी आयकरदाता किंवा शासनाचा कायम कर्मचारी नसावा, ट्रॅक्टर सोडून चारचाकी वाहन नसावे, अशा तिच्या अटी आहेत. पाच एकर जमिनीची अट सुरुवातीला होती, ती लगेच वगळण्यात आली. पण सर्वांआधीची अट अशी की लाभार्थी महाराष्ट्राची रहिवासी असावी, आणि त्याचा पुरावा म्हणून अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतले डोमिसाइल, मागण्यात आले. ते काढण्यासाठी सेतू केंद्रांवर ज्या रांगा लागल्या त्या पाहून शासनाने चार दिवसांतच सवलत दिली आणि अधिवास प्रमाणपत्र नसल्यास पंधरा वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला अथवा जन्मदाखला यांपैकी एक कागद चालेल असे जाहीर केले. परराज्यात जन्मलेल्या स्त्रीचे लग्न महाराष्ट्रातील पुरुषाशी झाले असेल, तर पतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते.

या सवलतींचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते, परंतु त्यांची रचना बारकाईने पाहिली तर राज्याच्या मनातले कुटुंब कसे आहे हे कळून येते. सवलत कागदाच्या प्रकारात मिळाली, काळात मिळाली नाही. अधिवास प्रमाणपत्रामागची पंधरा वर्षे तशीच राहिली. उत्पन्नाच्या बाबतीतही पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पांढरे कार्ड असेल किंवा कार्डच नसेल तर तो लागतो. परिणामी ज्या घरात जुने केशरी कार्ड आहे आणि आज मिळकत बरी आहे त्या घराची चौकशी कमी होते, आणि ज्या घरात मिळकत तुटपुंजी असून कार्ड काढण्याइतके एका जागी राहणेच झालेले नाही त्याला तहसिलीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आज कोणाला गरज आहे यापेक्षा दीड दशकापूर्वी कोण कुठे नोंदले गेले याला असे अधिक मोल येते. पतीच्या कागदावर पत्नीला पात्र धरण्याची तरतूद तर दुधारी आहे. ती तेलंगणातून झरी जामणीत सून म्हणून आलेल्या मुलीला उपयोगी पडते, पण दोघेही नवरा-बायको बाहेरून येऊन वसले असतील तर त्यांना काहीच देत नाही. आणि सून म्हणून आलेल्या स्त्रीला नवऱ्याने टाकले, तर तिचे महाराष्ट्रीयपण त्याच्या ट्रंकेतल्या दाखल्यापाशी अडकून राहते. सप्टेंबर २०२५पासून सुरू झालेल्या ई-केवायसीत, म्हणजे आधारच्या आधारे करायच्या ओळख पडताळणीत, पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला तेव्हा हीच अडचण पुन्हा वर आली. विधवा आणि घटस्फोटितांसाठी मृत्युदाखला व न्यायालयाचा आदेश हा मार्ग काढण्यात आला, परंतु खेड्यातली परित्यक्ता ही कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने परित्यक्ता झालेली नसते.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी की या योजनेत मुलाचा विचारच नाही. निपुत्रिक स्त्रीला १,५०० आणि तीन लेकरांच्या आईलाही १,५००. ब्रिटनमध्ये एलेनॉर रॅथबोन यांनी १९२४मध्ये कुटुंबभत्त्याची मांडणी केली आणि दोन दशकांच्या चळवळीनंतर १९४५चा कायदा झाला, तेव्हा पैसे मुलामागे आणि आईच्या हाती, असा त्याचा गाभा होता. महाराष्ट्राने आईच्या हाती हा भाग घेतला, मुलामागे हा भाग सोडला. तो भाग लेक लाडकी योजनेत आहे, पण तीत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींपुरता आणि पुन्हा पिवळ्या-केशरी कार्डधारक कुटुंबांपुरता : जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये. ज्या रकमेचा तीन-चतुर्थांश भाग मुलगी मोठी झाल्यावर मिळतो ती बालसंगोपनाची मदत म्हणायची की विवाहाची, हा प्रश्न विचारला जायला हवा.

आता दारव्हा तालुक्यातून परदेशी गेलेल्या कुटुंबाकडे पाहावे. कॅनडात २०१६पासून चालू असलेला बालभत्ता तेथील महसूल खाते देते. २०२५-२६ या लाभवर्षात सहा वर्षांखालील मुलामागे तो वर्षाला कमाल ७,९९७ डॉलर आणि त्यापुढे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत ६,७४८ डॉलर आहे. कायम वास्तव्याचा परवाना घेऊन उतरलेले कुटुंब उतरल्यापासूनच त्यास पात्र होते. केवळ कामाच्या तात्पुरत्या परवान्यावर गेलेल्यांना अठरा महिने सलग राहावे लागते आणि एकोणिसाव्या महिन्यात परवाना वैध असावा लागतो. त्याखेरीज पती-पत्नी दोघांनी दरवर्षी करविवरण भरले पाहिजे, मिळकत शून्य असली तरीही. जर्मनीत २०२५मध्ये दरमहा मुलामागे २५५ युरो मिळत होते आणि नोकरीच्या परवान्यावर असलेला भारतीयही ते घेऊ शकतो. सगळीकडे असेच औदार्य आहे असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये कामाच्या परवान्यावर आलेल्या बहुतेकांच्या परवान्यातच सार्वजनिक निधीतून काही घेता येणार नाही अशी अट असते, आणि ती १९९९च्या स्थलांतर व आश्रय कायद्यावर उभी आहे. हीच माणसे तेथे कर आणि सामाजिक विम्याची वर्गणी पहिल्या पगारापासून भरतात, एवढेच नव्हे तर परवाना घेताना आरोग्यसेवेसाठी वेगळा अधिभारही देतात. ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाही काही लाभांसाठी ठरावीक काळ थांबावे लागते.

या तुलनेत ध्यानात घेण्यासारखी बाब रकमेची नाही, कारण देशादेशांची संपत्ती वेगळी आहे. दारव्हा तालुक्यातला अभियंता कॅनडात परदेशी नागरिक असूनही त्याच्या मुलाचा हक्क जास्तीत जास्त दीड वर्षाने मान्य होतो, आणि मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातून येऊन दारव्हा तालुक्यात बिऱ्हाड थाटलेली स्त्री याच प्रजासत्ताकाची नागरिक असूनही तिला पंधरा वर्षांपूर्वीचा कागद दाखवावा लागतो, ही ती बाब होय. परकीयाला थांबवून ठेवण्यामागे निदान एक तर्क असतो की सीमा ओलांडून येणाऱ्याचा त्या समाजाशी बंध अजून जुळायचा आहे. आपल्याच देशाच्या नागरिकाला तो तर्क लावता येत नाही.

भारतीय संविधानाने या बाबतीत राज्यांना जी मोकळीक दिली आहे ती येथे समजून घेतली पाहिजे. अनुच्छेद १५मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. वास्तव्य हा शब्द त्यात नाही. सरकारी नोकरीविषयीच्या अनुच्छेद १६मध्ये मात्र तो आहे. या फरकावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने १९५५मध्ये डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्यात, बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून वेगळे शुल्क घेण्याचा राज्याचा नियम वैध ठरवला. पुढे १९८४मध्ये प्रदीप जैन खटल्यात त्याच न्यायालयाने, देशात अधिवास एकच, तो भारताचा, आणि राज्याचा अधिवास ही कल्पना दिशाभूल करणारी आहे, असे बजावले. तरीही सेतू केंद्रातून मिळणाऱ्या कागदाचे नाव अधिवास प्रमाणपत्र हेच राहिले. २०१४मध्ये चारू खुराना खटल्यात तर मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकारांच्या संघटनेने घातलेली महाराष्ट्रातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही न्यायालयाने रद्द केली. थोडक्यात, वास्तव्याची अट सरसकट घटनाबाह्य नाही, पण ती ज्या हेतूने घातली त्या हेतूशी तिचा मेळ बसला पाहिजे.

मेळ बसण्याच्या या कसोटीवर परदेशांतील दोन निर्णय उद्बोधक आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये शापिरो विरुद्ध थॉम्पसन या खटल्यात, राज्यात नव्याने आलेल्या गरीब कुटुंबांना एक वर्षापर्यंत साहाय्य नाकारणारे कायदे रद्द केले. गरिबांनी आपल्याकडे येऊ नये हा हेतूच एका संघराज्यात मान्य होऊ शकत नाही, असे त्यामागचे कारण होते. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाचा २००४चा निर्णय याहून सूक्ष्म आहे. जे देशात कायम राहतील त्यांच्यावरच खर्च करावा हा शासनाचा हेतू त्या न्यायालयाने बेकायदेशीर ठरवला नाही. परवान्याचा प्रकार पाहून कोण कायम राहील हे कळत नाही, म्हणून ती कसोटी त्या हेतूला अनुरूप नाही, असे त्याने म्हटले आणि परदेशी पालकांना बालभत्त्यातून वगळणारी तरतूद समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांना हाच प्रश्न विचारावा. पंधरा वर्षांपूर्वीचे कार्ड एवढेच सांगते की ते कुटुंब तेव्हा येथे होते. आज ते येथे आहे का, त्याचे मूल येथल्या शाळेत जाते का, उद्या ते येथे राहील का, यांपैकी कशाचेही उत्तर त्या कार्डात नसते. पुण्यात दहा वर्षे राहून गेल्या दिवाळीला परतलेल्याचे जुने कार्ड चालते आणि दहा वर्षे एकाच गावात राबणाऱ्या बाहेरच्याचे काहीच चालत नाही.

स्थलांतरित हा एकच वर्ग समजून बोलण्यानेही पुष्कळ घोटाळा होतो. हंगामी स्थलांतरित, म्हणजे तीन-चार महिन्यांसाठी येऊन परत जाणारा, रोख लाभाला सहसा मुकत नाही, कारण पैसे खात्यात येतात आणि खाते कुठूनही चालते. वेचणीला आलेल्या बाईला मध्य प्रदेशच्या लाडली बहना योजनेचा हप्ता यवतमाळ जिल्ह्यातही मिळू शकतो. तिची हानी वस्तुरूप सेवांत होते : अंगणवाडीचा आहार, लसीकरणाची पाळी, गरोदरपणातली तपासणी, मोठ्या मुलाची शाळा. याउलट जे कुटुंब कायमचे उठून आले त्याची हानी दुहेरी असते. जुन्या गावी पडताळणी होते तेव्हा ते गावात राहत नाही म्हणून नाव कमी होते, आणि नव्या गावी पुरावा जुना नाही म्हणून नाव लागत नाही. रेशन कार्डाच्या बाबतीत तर आधीच्या ठिकाणी नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय नवे कार्ड मिळत नाही, आणि तो दाखला आणण्यासाठी मजुरीचे जितके दिवस बुडतात तितक्या दिवसांचे धान्यही त्या कार्डावर मिळत नाही. पात्रतेचे नियम करणाऱ्यांनी हंगामी माणसाला डोळ्यांपुढे ठेवून कायमच्या माणसावर अटी लादल्या, असा याचा अर्थ होतो.

कामाच्या अटीचा इतिहास महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा आहे. ना. म. जोशी यांनी केंद्रीय विधिमंडळात १९२४मध्ये मातृत्व-लाभाचे विधेयक मांडण्याचा प्रयत्न केला, तो फसला. मुंबई प्रांताने १९२९मध्ये कायदा केला आणि तो देशातला या विषयावरचा पहिला कायदा ठरला. त्या विधेयकावर मुंबई विधिमंडळात २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जे बोलले त्याचा आशय आजही पुरतेपणी पचलेला नाही. बाळंतपणाआधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा भार मोठ्या प्रमाणात शासनानेच उचलायला हवा, आणि शासन तो उचलत नाही तोवर मालकावर टाकणे गैर नाही, अशी ती भूमिका होती. त्यातला मालकाचा भाग कायद्यात आला आणि वाढत गेला : १९६१चा मातृत्व लाभ कायदा, २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर. पात्रता अशी की प्रसूतीच्या अपेक्षित दिनांकापूर्वीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे. अट सौम्य वाटते, आणि कारखान्यात ती आहेही. पण कापूस वेचणाऱ्या बाईचा मालक कोण? ती आज एका वावरात, उद्या दुसऱ्या वावरात, मजुरी किलोवर घेते; वर्षात तिचे शंभराहून अधिक दिवस उन्हात जातात, मात्र एका मालकाकडे ८० भरत नाहीत, आणि भरले तरी हजेरीपट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात रोजंदारीवरील स्त्रियांनाही मातृत्व-लाभ द्यायला लावला खरा, परंतु तेथे मस्टर होते आणि मस्टरवर नाव होते.

बांधकाम मजुरांसाठी १९९६च्या केंद्रीय कायद्याने जी कल्याणकारी मंडळे झाली त्यांनी मालकाचा प्रश्न काही अंशी सोडवला, कारण पैसा बांधकामावरच्या उपकरातून येतो आणि लाभ मंडळ देते. महाराष्ट्राच्या मंडळाकडे नोंद असलेल्या स्त्रीस नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीसाठी २०,००० रुपये मिळतात, दोन जिवंत अपत्यांपर्यंत. नोंदीसाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते ठेकेदार किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडून आणावे लागते. विटा वाहणाऱ्या बाईला ठेकेदार हे प्रमाणपत्र किती सहजासहजी देत असेल याची कल्पना कोणीही करू शकेल. ऊसतोडीत तर प्रश्न आणखी मूलभूत आहे. तेथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल बहुधा नवऱ्याच्या नावाने घेतली जाते, आणि बाईचे काम मोजणीत असूनही नोंदीत नसते. राज्य जेव्हा उत्पन्न मोजते तेव्हा कुटुंब एक. जेव्हा काम मोजते तेव्हाही कोयता एक. आणि दोन्ही वेळा आई त्या एकात विरघळून जाते.

मालकाविना मातृत्व-लाभ देण्याचे वचन २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दिले. त्याच्या कलम ४नुसार सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्याने तसाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया वगळता प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मिळाले पाहिजेत. कायद्यात अपत्यसंख्येची अट नाही, राज्याची नाही, कार्डाच्या रंगाची नाही. ते वचन पाळण्यासाठी २०१७मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत मात्र पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये ठेवले गेले, आणि नंतरच्या बदलाने दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,०००. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा हेतू कितीही चांगला असला तरी बाळंतिणीच्या अंगावरून गेलेले रक्त मुलगा-मुलगी पाहत नाही. विधिमंडळांनी केलेल्या हक्काला प्रशासनाने बक्षिसाचे रूप दिले की असे होते.

मिळकतीच्या अटीबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. दोघेही दरमहा ११,००० रुपये कमावत असतील तर वार्षिक बेरीज २ लाख ६४ हजार होते आणि पत्नी अपात्र ठरते; तिने काम सोडले तर ती पात्र होते. मर्यादेवरचा एक रुपया वर्षाला १८,००० रुपये घेऊन जातो. कॅनडात मिळकत वाढेल तसा भत्ता टक्क्याटक्क्याने उतरतो, असा कडा तेथे लागत नाही. पण त्यासाठी प्रत्येकाने करविवरण भरण्याची सवय लागते, आणि ज्या समाजात बहुसंख्यांचा आयकराशी संबंधच येत नाही तेथे ती रचना जशीच्या तशी आणता येणार नाही. येथे तलाठ्याच्या दाखल्यावर चालणारी मर्यादा कमावत्या आईला शिक्षा करते आणि मिळकत लपवणाऱ्याला काही करत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

पात्रतेचा वेगळा विचार याच राज्याने एकदा केलेला आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७२च्या दुष्काळात विस्तारलेली रोजगार हमी योजना १९७७च्या अधिनियमाने हक्क बनली, तेव्हा गरिबी सिद्ध करण्याचा भार मजुरावर टाकलेला नव्हता. जो भर उन्हात दगड फोडायला तयार आहे त्याला गरज आहे, हे मानून पुढे जायचे, अशी ती रीत होती. अर्थशास्त्रात तिला स्वनिवड म्हणतात, म्हणजे निवड अधिकारी करत नाही, काम स्वीकारून माणूस स्वतः करतो. केंद्राच्या २००५च्या कायद्यात तर पाच किंवा अधिक लहान मुले कामावर आणली गेली असतील तर एका स्त्री-मजुराला त्यांना सांभाळण्याचेच काम आणि पूर्ण मजुरी द्यावी अशी तरतूद होती. ती सर्वत्र पाळली गेली असे कोणी म्हणणार नाही. तरी हक्काचा उगम माणूस काय करतो आणि त्याचे मूल कुठे आहे यात शोधायचा, तो कोणाचा कोण आणि कधीपासूनचा यात नाही, ही दृष्टी तीत होती, आणि कुटुंब-लाभाच्या विचारात तीच हरवली आहे.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. लाडकी बहीण योजनेचा वार्षिक खर्च सुरुवातीलाच ४६,००० कोटी रुपये सांगितला गेला होता. एवढा बोजा वाहणाऱ्या तिजोरीने दार आणखी उघडावे असे म्हणणे वित्त विभागाला बेजबाबदार वाटेल. त्यातच जुलै २०२५मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळल्याने त्यांचा लाभ स्थगित केल्याचे सांगितले. परंतु त्या वेळी सांगितलेली कारणे पाहावीत : एकाच स्त्रीने अनेक योजनांचा लाभ घेणे, एका कुटुंबात दोनपेक्षा अधिक लाभार्थी असणे, आणि काही ठिकाणी चक्क पुरुषांनी अर्ज भरणे. गळती जी होती ती घरच्याच भिंतीतून होती, नवागतांच्या दारातून नव्हे. लाभाच्या ओढीने शेजारच्या राज्यांतून लोक येतील, ही भीतीही तपासून घ्यावी. कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेत २,००० रुपये मिळतात, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा अधिक. म्हणून अक्कलकोटची कुटुंबे विजापूरला बिऱ्हाड हलवतील असे कोणी म्हणत नाही. माणसे कामामागे जातात, आणि जिथे मजुरीचे दोन दिवस दीड हजाराच्या आसपास पोचतात अशा शहरांकडे तर ती हप्त्याशिवायही गेली आहेत. खरा धोका दोन राज्यांत दोनदा लाभ घेण्याचा आहे, आणि तो रोखायला पंधरा वर्षांच्या कागदापेक्षा एकाच आधार क्रमांकावर एकच लाभ हा नियम पुरेसा आहे, फक्त राज्यांनी आपापल्या याद्या एकमेकांशी पडताळल्या पाहिजेत.

असे करता येते याचा दाखला धान्याच्या बाबतीत मिळालेला आहे. एक देश एक रेशन कार्ड ही व्यवस्था ऑगस्ट २०१९मध्ये चार राज्यांत सुरू झाली आणि त्यांत महाराष्ट्र होता, गुजरातच्या जोडीने. पुढे २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात ती सर्व राज्यांनी ३१ जुलैपर्यंत लागू करावी असा आदेश दिला. कार्ड जुन्या गावचेच राहते, धान्य नव्या गावच्या दुकानात मिळते, आणि हिशेब राज्ये व केंद्र आपसात मिटवतात. मातृत्व-लाभाचा आधार केंद्राचाच कायदा असल्याने त्याला हीच रीत लावण्यात तत्त्वाची अडचण नाही.

पुराव्याचा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर बोरी अरबसारख्या कोणत्याही गावच्या अंगणवाडीत ठेवलेले आहे. गरोदर बाईची नोंद झाली की तिला माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. तपासण्या, लसी, बाळाचे वजन यांच्या तारखा त्यावर महिन्यामहिन्याने चढतात, आणि मातृ वंदना योजनेचे हप्ते आजही याच नोंदींच्या आधारे दिले जातात. सहा महिने एका ठिकाणी लसी घेतलेले मूल त्या ठिकाणचे आहे, हे ठरवायला याहून अधिक कशाची गरज पडू नये. हे कार्ड खोटे करणे अशक्य नाही, पण पंधरा वर्षांपूर्वीचा कागद जमवण्यापेक्षा ते कठीण आहे, कारण बाळाला दर महिन्याला वजनकाट्यावर आणावे लागते. ज्या अंगणवाडी सेविकांनी लाडकी बहीण योजनेचे अर्ज प्रत्येकी पन्नास रुपये प्रोत्साहन भत्त्याच्या आश्वासनावर भरले, त्यांच्याच हाती ही नोंद आहे. बाहेरून आलेल्या आईला पूरक आहार देताना त्या अधिवास प्रमाणपत्र मागत नाहीत, तसा नियमही नाही; पन्नास वर्षांपूर्वी, १९७५मध्ये, एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली तेव्हापासून मूल समोर असणे हीच तेथली पात्रता आहे. एकाच विभागाच्या, एकाच सेविकेच्या दोन नोंदवह्यांत एकच बाई एकीत पात्र आणि दुसरीत अपात्र ठरते, ही विसंगती दूर करायला नवा कायदा लागणार नाही. महिला व बालविकास विभागाच्या एका शासन निर्णयात पंधरा वर्षांपूर्वीच्या रेशन कार्डाशेजारी माता व बाल संरक्षण कार्डाचे नाव घातले तरी ते काम होईल.